आकडा टाकणारा जिवाणू

‘रात्री दात न घासता झोपलात तर आतड्याचा कॅन्सर होतो!’ परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे आलं आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण तिच्या मुळाशी एक खराखुरा जिवाणू आहे, आणि त्याच्या करामतीवर मी फिदा आहे.

फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. चरख्याच्या चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून दातांवरच्या किटणात आणि हिरडीच्या फटीत दडून राहतो. तुमच्याआमच्या तोंडातही असतो. २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांना तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत, शेजारच्या निरोगी भागापेक्षा बराच जास्त सापडला. तिथे तो पाय रोवतो कसा?

आकडा टाकून. वीजचोर तारेवर टाकतात तसाच.

या आकड्याचं नाव फॅड-ए. जिवाणू हे प्रथिन १२९ अमिनो आम्लांचं बनवतो. मग काहींचा सुरुवातीचा १८ आम्लांचा तुकडा छाटतो, उरतात १११. एरवी असा तुकडा म्हणजे पार्सलवरची चिठ्ठी: प्रथिन जिवाणूच्या पटलापार पोचलं की फाडून टाकायची. इथे मात्र चिठ्ठीसकटची प्रथिनंही कामाची! ती पटलात रोवलेली राहतात आणि छाटलेली त्यांना येऊन जुळतात. प्रत्येक प्रथिन हेअरपिनसारखं दुमडलेलं. पाण्याशी फटकून असणाऱ्या ल्युसिन या आम्लाच्या रांगा एकमेकींत बसतात आणि टोकाला टोक जुळून तंतू तयार होतो. नुसती १११ वाली घेतली तर ती पाण्यात विरघळून राहतात, पेशीला धरत नाहीत. दोन्ही मिसळा, मग आकडा बनतो.

तो अडकतो ई-कॅडहेरिनवर. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी याच प्रथिनाने शेजारणींचे हात धरून बसतात. पेशीच्या आत त्याचं टोक बीटा-कॅटेनिन या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेलं असतं. २०१३ मध्ये संशोधक यिपिंग हान यांच्या गटाने दाखवलं, की फॅड-ए या ई-कॅडहेरिनच्या जेमतेम ११ आम्लांच्या पट्ट्यावर बसतो. पेशीला आतून इशारा जातो, बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू होतात. त्या पट्ट्याची नक्कल बनवून द्रवात सोडली, की आकडे तिच्यावरच अडकतात आणि पेशींची जादा वाढ होत नाही.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात याच कुळातलं दुसरं कॅडहेरिन असतं. तिथे आकडा पडला की सांधे सैल होतात आणि ई. कोलायसारखे उपटसुंभ जिवाणूही मागोमाग घुसतात.

आता त्या फॉरवर्डबद्दल. वाढीचे हे प्रयोग आधीच कॅन्सरग्रस्त असलेल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. गाठीत जिवाणू सापडला म्हणून एक रात्र ब्रश चुकल्याने गाठ होते, असं म्हणणारा आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली ‘कीड’ वाटीत पाडून दाखवणारा, दोघे एकाच पेठेतले. दात घासा, हिरड्यांसाठी. ‘कॅन्सररोधक’ गुळण्यांवर पैसे घालवू नका.

मला स्वतःला झोप उडवणारी गोष्ट वेगळीच वाटते. २०१७ मध्ये काही रुग्णांच्या यकृतात पसरलेल्या गाठी तपासल्या, तर तिथेही फ्युजोबॅक्टेरियम होता, आणि वाण आतड्यातल्या मूळ गाठीतलाच. म्हणजे बहुधा पेशी निघाल्या तेव्हा हाही त्यांच्याबरोबरच निघाला होता.