कॉम्पोझिट टो आणि मेटल-फ्री: डिटेक्टर घेऊन शेतात जाताना कोणते बूट घ्यावेत?

“ताई, कॉम्पोझिट म्हणजे बिनधातूचेच की,” असं धाकटा भाऊ म्हणाला तेव्हा मलाही ते पटलं होतं. तो चाकणच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, सेफ्टी शूज त्याच्या रोजच्या पायातले. मी इंग्लंडात सफोक परगण्यात राहते आणि सुट्टीच्या दिवशी, शेतमालकाची परवानगी घेऊन, नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवते. मागे तो इकडे आला तेव्हा त्याने माझ्यासाठी मुद्दाम कॉम्पोझिट टोचे बूट आणले. ते घालून मी शेतात उतरले, हेडफोन लावला आणि कॉइल (डिटेक्टरच्या दांडीच्या टोकाची, धातू हेरणारी चकती) डावी-उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. उजवा पाय पुढे पडला की कानात घरघर. डावा पडला की पुन्हा घरघर. दोन ठिकाणी खणून पाहिलं. खाली फक्त ओली चिकणमाती होती.

लोखंड माझ्या पायातच होतं. बुटाच्या नाकात नव्हतं, तळव्यात होतं.

इथेच या दोन शब्दांची गल्लत होते. ‘कॉम्पोझिट टो’ हे लेबल बुटाच्या फक्त पुढच्या टोकाबद्दल बोलतं. बोटांवर कातड्याखाली जी कडक वाटी बसवलेली असते, ती पोलादाची नसून काचतंतू, कार्बन फायबर किंवा कडक प्लॅस्टिकची आहे, एवढंच त्याचं म्हणणं. ही वाटी पोलादाच्या वाटीइतकीच कसोटीला उतरावी लागते. सेफ्टी शूजसाठी आपल्याकडचं आयएस १५२९८ आणि युरोपातलं ईएन आयएसओ २०३४५, दोन्ही मानकं २०० जूलचा आघात सोसायला सांगतात. म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखं. कारखान्यात बोटं वाचणं महत्त्वाचं, त्यामुळे तिथे या लेबलने काम भागतं. भावाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या कामात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

‘मेटल-फ्री’ हा दावा मात्र अख्ख्या बुटाचा असतो. बोटांवरची वाटी तर झालीच, पण खिळा वर घुसू नये म्हणून सोलमध्ये घातलेला पत्रा, टाच आणि चवडा यांच्यामधल्या कमानीला आधार देणारी पट्टी (तिला शँक म्हणतात), नाडी ओवायच्या भोकांच्या कड्या, घोट्याजवळचे हूक, चेन, टाचेतले खिळे, यांतलं काहीही धातूचं नसावं लागतं. शँक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती दिसत नाही. साध्या ऑफिसच्या बुटांतही ती पोलादाची असू शकते. विमानतळाच्या चौकटीतून जाताना पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, तरी पायाशी आवाज येतो, त्यामागे पुष्कळदा हीच बोटभर पट्टी असते.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर एक खूण उपयोगी पडते, पण तिच्यावरही सगळी भिस्त ठेवू नये. एस३ हा सोलमध्ये खिळा अडवणारा थर असलेल्या सेफ्टी शूजचा वर्ग. २०२२ च्या सुधारित मानकात तो थर धातूचा असेल तर नुसतं एस३, कापडी किंवा इतर बिनधातूचा असेल तर एस३एल किंवा एस३एस, असा फरक केला आहे. त्याआधीच्या एस३ बुटात दोन्हीपैकी काहीही असू शकतं. पण एस३एल लिहिलेल्या बुटाच्या नाकात पोलादी वाटी असायला मानकाची काहीच हरकत नाही. म्हणजे कॉम्पोझिट टो नाकाची खात्री देतो आणि एस३एल तळव्याची. शँक, हूक आणि कड्यांबद्दल दोघंही गप्प.

आता चुंबकाबद्दल. “दुकानात चुंबक लावून बघायचं, चिकटला नाही की झालं,” हा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला आणि तो अर्धाच खरा आहे. पोलाद त्याने सापडेल. ॲल्युमिनियम आणि पितळ सापडणार नाही. काही हलक्या सेफ्टी शूजमध्ये बोटांवरची वाटी ॲल्युमिनियमची असते आणि नाडीच्या कड्या बऱ्याचदा पितळेच्या. चुंबक त्यांना ओळखत नाही, पण डिटेक्टर ओळखतो, आणि वर चुकीचं ओळखतो. लोखंडाला तो घरघर सूर देतो, पितळ-ॲल्युमिनियमला मात्र चांगल्या नाण्यासारखा खणखणीत. म्हणून चुंबक न चिकटणारा बूट कधीकधी पोलादी बुटापेक्षा जास्त फसवतो.

खरी परीक्षा डिटेक्टरनेच करावी. मी ती परसात करते, घरापासून दूर, कारण घरातल्या वायरिंगमुळे यंत्र कावरंबावरं होतं. आधी हातातल्या बांगड्या काढून ठेवते. (एकदा विसरले होते, आणि बूट निर्दोष असताना दुकानात परत करून आले.) कॉइल जमिनीपासून उचलून आडवी धरायची, संवेदनशीलता शेतात ठेवतो तितकीच ठेवायची आणि बूट कॉइलसमोरून हळूहळू सरकवायचा: आधी नाक, मग कमान, मग टाच, मग घोटा. नंतर उलटा करून सोलच्या बाजूनेही. भावाच्या बुटाचं नाक कॉइलवरून गेलं तेव्हा हेडफोनमध्ये चिडीचूप. चवडा आला आणि घरघर सुरू झाली, ती थेट टाचेपर्यंत. घोट्यापाशी एक बारीक, उंच चिवचिव. आतलं इनसोल उचकटून बोटाने दाबलं तर खाली सरळ, थंड, न वाकणारं काहीतरी लागलं. तो सोलभर पसरलेला पोलादी पत्रा होता. चिवचिव हुकांची होती.

एवढं बारकाईने का बघायचं, हे कळायला जमिनीतली वस्तू डोळ्यासमोर आणा. इथल्या शेतांत मध्ययुगीन चांदीच्या पेनी सापडतात, साधारण दीड ग्रॅमच्या आत वजन, पापुद्र्यासारख्या पातळ. १२७९ च्या नाणेसुधारणेआधी सुट्टे पैसे हवे असतील तर लोक हीच पेनी कापून अर्धी किंवा पाव करत. तो पाव तुकडा करंगळीच्या नखाएवढा भरतो. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दूर जाताना झपाट्याने विरळ होतं. वस्तूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच विरळ होत येतो. कॉइलपासून जरा लांब गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण ६४ पटींनी घटतो. वितभर खोल गेलेल्या त्या तुकड्याकडून जे येतं ते कुजबुजीसारखं असतं, आणि शेजारी बुटातला पत्रा ओरडत असतो. कॉइल खाली बघते तशी वरही बघते, बाजूलाही बघते. झोक्याच्या दोन्ही टोकांना ती पायाकडे झुकते आणि नेमकी जागा शोधायला मागे ओढली की थेट चवड्यापाशी येते. माझी उंची पाच फूट एक इंच. त्यामुळे कॉइल माझ्या पायांच्या जास्तच जवळ राहते. उंच माणसांना “बुटाने काय फरक पडतो” असं वाटतं त्यामागे हेही कारण आहे. दांडी थोडी लांबवून धरली तर फरक पडतो, पण दोन तासांनी खांदा बोलायला लागतो.

“लोखंडाचा सूरच बंद करून टाक” हा उपाय मला मान्य नाही. एक तर मोठा सपाट पोलादी तुकडा कधीकधी लोखंडासारखा न वाजता चांगल्या धातूसारखा उंच सूर देतो. दुसरं, लोखंडाच्या शेजारी पडलेलं चांदीचं नाणं त्याच्या आवाजाखाली झाकलं जातं आणि सूर बंद असला की तिथे काही होतं हेही कळत नाही. आणि आमच्याच सफोकातली होक्सनची गोष्ट मला विसरता येत नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिथे एक जण शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता, म्हणजे लोखंडच शोधत होता. त्याला लागली जवळजवळ १५,००० रोमन नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी. त्याने सगळं उपसून काढलं नाही. ताबडतोब कळवलं, त्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या माणसांना ठेव्याचा मोठा भाग जागच्या जागी, मूळ मांडणीत उकरता आला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

मग घ्यायचे कोणते? मला विचाराल तर शेतात बोटांवरची वाटी लागतच नाही. तिथे पायावर काही पडत नाही. कॉम्पोझिट वाटी पोलादापेक्षा जाड करावी लागते, त्यामुळे नाक रुंद होतं आणि ढेकळांत अडखळायला होतं. लागते ती कमानीची ताकद. दिवसभरात चाळीस-पन्नास वेळा स्पेडच्या (सरळ पात्याच्या फावड्याच्या) पात्यावर पाय देऊन दाब द्यावा लागतो. मऊ सोल असेल तर संध्याकाळी तळपाय ठणकतो. म्हणून नायलॉनच्या किंवा काचतंतूच्या शँकचे आणि नाडीसाठी कड्यांऐवजी शिवलेले कापडी फास असलेले ट्रेकिंगचे बूट मी पहिल्या पसंतीला ठेवते. ऑगस्टमध्ये कापणीनंतर गव्हाचे खुंट टोकदार असतात, तेव्हा घोट्याच्या वर जाणारेच हवेत. डिसेंबरनंतर पाणी साचलं की गमबूट, पण बाजूला बकल नसलेले. गमबूट सगळे बिनधातूचे असतात हा समज मात्र सोडावा, कित्येकांच्या कमानीत पोलादी पट्टी असते. तेही कॉइलसमोरून फिरवूनच घ्यावेत.

मेटल-फ्री सेफ्टी शूज घ्यायला हरकत नाही, विशेषतः जुन्या घरांच्या पडक्या जागी, जिथे काच आणि खिळे असतात. त्यांच्या सोलमध्ये पत्र्याऐवजी अरामिडसारख्या चिवट धाग्यांचं घट्ट विणलेलं कापड असतं. ते वाकतं आणि कडेपर्यंत पोचतं. फक्त बारीक, अणकुचीदार खिळ्यापुढे ते पत्र्याइतकं भक्कम नसतं. म्हणूनच नव्या मानकात एल आणि एस असे दोन प्रकार आहेत: एलची चाचणी ४.५ मिलिमीटरच्या खिळ्याने होते, एसची ३ मिलिमीटरच्या. निवड असेल तर एस घ्या.

महाराष्ट्रात हे वाचून कुणाला डिटेक्टर घेऊन गडावर जावंसं वाटलं तर कृपा करून जाऊ नका. संरक्षित स्मारकांत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इथे इंग्लंडमध्येही १९९६ च्या कायद्याने ठेवा ठरू शकणारी वस्तू चौदा दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. एकटं सापडलेलं साधं नाणं त्यात सहसा बसत नाही, तरी मी माझं सगळं परगण्यात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवते.

दुकानात आता मी “मेटल-फ्री आहेत का?” असं विचारतच नाही, कारण उत्तर नेहमी हो असतं. मी विचारते, “शँक कशाची? सोलमध्ये काय आहे? कड्या कशाच्या?” तिन्हींची उत्तरं मिळाली तरी पावती जपून ठेवते आणि पहिली फेरी परसातच मारते. भावाचे बूट मी ठेवून घेतले आहेत. परसातल्या बटाट्याच्या वाफ्यात स्पेड मारायला त्यांच्याइतका भक्कम तळ दुसऱ्या कशाचा नाही.