अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ

दहा-बारा वर्षं जुनी गाडी, डॅशबोर्डवरच्या ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचं गाणं आत घेणाऱ्या, भोकात फोनची पिन आणि शेजारी लायटरच्या सॉकेटात चार्जर. नाशिकच्या मुंबई नाक्यापर्यंतच्या गर्दीत काही जाणवत नाही. उड्डाणपुलावर मोकळा रस्ता मिळतो, पाय दाबला जातो आणि गाण्याच्या मागून एक बारीक शीळ वर चढायला लागते. गिअर बदलला की ती उतरते, पुन्हा वेग घेतला की चढते. कार डेकोरच्या दुकानात विचारलं तर आधी नवी केबल सुचवतात, मग नवा डेक, म्हणजे गाडीतला स्टिरिओ. पैसे जातात, शीळ बहुधा राहते. ती गाण्यात नसते, फोनमध्ये नसते आणि डेकमध्येही क्वचितच असते.

ती कुठून येते हे समजायला आधी ३.५ मिलिमीटरची पिन जवळून बघावी लागेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणिसाव्या शतकात वापरात आलेल्या पाव इंची पिनेची ही छोटी आवृत्ती. तिच्या दांड्यावर प्लॅस्टिकच्या दोन बारीक कड्या असतात आणि त्यांनी तिचे तीन भाग केलेले असतात. टोक डाव्या बाजूच्या आवाजाचं, मधला पट्टा उजव्या बाजूच्या आवाजाचा आणि बुडाकडचा लांब भाग दोघांच्या सामाईक परतीचा. वायरमनच्या भाषेत ‘अर्थ’ (इंग्रजी earth). माइकवाल्या हेडफोनच्या पिनेला एक कडी जास्त असते, तिच्याशी आपल्याला आज काम नाही.

चार्जर काढून ठेवा आणि गाणं चालू असताना पिन अगदी हळू बाहेर ओढून बघा. कधी कधी एका ठरावीक जागी गायक चक्क नाहीसा होतो. तबला, व्हायोलिनं, घुमारा सगळं ऐकू येतं, मुख्य आवाज तेवढा जातो. रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच घातलेला असतो. अर्थचा स्पर्श सुटला की डेकला दोन्ही बाजू वेगवेगळ्या मिळत नाहीत, फक्त त्यांच्यातला फरक मिळतो. जे दोन्हीकडे सारखं, ते वजा होऊन शून्य. आता पिन तशीच ठेवून फोनला चार्जर लावा. गायक बहुतेक वेळा परत येतो! सुटलेल्या अर्थला दुसरी वाट मिळालेली असते: फोनमधून चार्जरमध्ये, तिथून गाडीच्या बॉडीत आणि बॉडीतून डेकपर्यंत. पिन नीट आत बसवली तरी ही दुसरी वाट उघडीच राहते, आणि शीळ आत शिरते ती त्याच वाटेने.

आता बॉनेटखाली जाऊ. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इंजिन चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात, आणि ते पुरवतो अल्टरनेटर. गॅरेजमध्ये अजून त्याला डायनामोच म्हणतात. तो तीन फेजची एसी वीज बनवतो. आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिची डीसी करतात, पण ती तंतोतंत सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लहरी उरतात.

या लहरींचं गणित कागदावर करण्यासारखं आहे. बऱ्याच गाड्यांच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकीय ध्रुवांच्या ६ जोड्या असतात, आणि तीन फेजची वीज डायोडमधून गेली की एका आवर्तनात ६ उंचवटे येतात. म्हणजे अल्टरनेटरच्या एका फेऱ्याला ३६ लहरी. पट्टा त्याला इंजिनाच्या साधारण अडीच पट वेगाने फिरवतो. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) नुसतं चालू असेल, तर अल्टरनेटर २००० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्यांहून थोडा जास्त. ३६ ने गुणलं की १२०० हर्ट्झ. पाय दाबून इंजिन ३००० आरपीएमवर नेलं, तर हाच आकडा ४५०० हर्ट्झ होतो. जवळजवळ दोन सप्तकांची चढण, तीसुद्धा नेमकी आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो त्या पट्ट्यातून. बाहेरच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असल्याने ती ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथले आवाज मोठे करून आत पाठवते. निसर्गाने कान घडवला तेव्हा अल्टरनेटर नव्हता, एवढंच म्हणायचं.

राहिला प्रश्न या लहरी गाण्यात मिसळतात कशा हा. गाडीत प्रत्येक दिव्याला, पंख्याला, हॉर्नला परतीची वेगळी तार ओढत नाहीत. पत्र्याची बॉडी हीच सगळ्यांची निगेटिव्ह. पत्रा वीज चांगली वाहून नेतो, पण त्याचा रोध शून्य नसतो. ५५ वॉटचे दोन हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि बाकीचं धरून २० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर एक हजारांश ओहमच्या रोधावरही २० मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणून डेकची अर्थ आणि लायटर सॉकेटची अर्थ या कागदावर एक असल्या तरी प्रत्यक्षात त्यांच्यात काही मिलिव्होल्टचं अंतर असतं, आणि ते अल्टरनेटरच्या लहरींबरोबर थरथरत असतं. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात मिक्सर लावला की त्याच तारेवरचा दिवा मंद होतो, तसलाच हा प्रकार. फोन चार्जरला आणि ऑक्सला एकाच वेळी जोडला की या दोन अर्थांमध्ये एक बारीक तार बांधली जाते: ऑक्स केबलची परतीची तार. बॉडीतला थोडा प्रवाह तिच्यातूनही वाहायला लागतो आणि तिच्यावर पडलेला फरक डेक गाणं समजून मोठा करतो.

ऑक्समधून येणारं गाणं साधारण ०.३ व्होल्टचं असतं. त्यात ३ मिलिव्होल्टची भेसळ म्हणजे शंभरावा भाग. ढोल-ताशाच्या गाण्यात ती कुणाच्या लक्षातही येणार नाही. आलाप लावा, म्हणजे कळेल.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली आहे: चार्जर सॉकेटातून उपटा. शीळ गेली तर निदान झालं. चार्जिंग हवंच असेल तर फोन पॉवर बँकेला लावा. तिचा गाडीच्या बॉडीशी संबंध नसतो, त्यामुळे बॉडी, चार्जर, फोन, केबल आणि डेक हे वर्तुळ पूर्ण होत नाही. इंजिन बंद करून नुसती किल्ली फिरवली तरी शीळ एकाच सुरात चालू राहिली, तर दोष अल्टरनेटरचा नाही, स्वस्तातल्या चार्जरच्या आतल्या सर्किटचा आहे. आणि डेकचा आवाज शून्यावर आणूनही ती तेवढीच ऐकू येत असेल, तर ती आवाजाच्या बटणाच्या पुढे कुठेतरी, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला शिरते आहे. अशा वेळी ऑक्सची केबल बदलून हाती काही लागणार नाही.

चार्जर आणि ऑक्स दोन्ही हवेत, तर हेच वर्तुळ (ग्राउंड लूप) तोडणारी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. आत डाव्या-उजव्यासाठी दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं एका गुंडाळीतून चुंबकत्वाच्या रूपाने दुसरीत जातं, मधे तांब्याचा सांधा नाही, त्यामुळे बॉडीतल्या प्रवाहाला जायला वाट उरत नाही. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, बाकी काही नाही. स्वस्त डबीत लोखंडी गाभा इवलासा असतो आणि खालचे सूर त्याला पेलत नाहीत. तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागला तर दोष त्या गाभ्याचा.

हे तत्त्व गाडीत फार पूर्वीच येऊन गेलं होतं, फक्त कॅसेटच्या रूपात. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटच्या आकाराचं प्लॅस्टिकचं खोकं, त्यातून बाहेर आलेली एक वायर. आत टेप नाहीच. टेप जिथे डेकच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, घासून जायची तिथे एक उलटं हेड बसवलेलं, जे फोनमधल्या गाण्याचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. समोरच्या हेडला वाटतं टेप चाललीय. आतली दातेरी चाकं मात्र फिरती ठेवावी लागतात, नाहीतर टेप संपली असं समजून डेक बाजू पालटतो किंवा थांबतो. हेड थोडं तिरपं बसलं तर वरचे सूर दबतात. तरीही शिळेच्या बाबतीत हा जुना जुगाड ऑक्सपेक्षा उजवा, असं माझं मत.

एफएम ट्रान्समीटरमध्ये तर तारच नाही. आपल्याच गाडीत एक चिमुकलं स्टेशन सुरू होतं. अडचण फ्रिक्वेन्सीची. नाशिक आकाशवाणीचं १०१.४ सोडा, खासगी स्टेशनं सोडा, मग एखादी मोकळी जागा सापडते. एफएमचा रिसीव्हर दोन सिग्नलांतला जोरकस धरतो आणि दुसरा टाकून देतो, म्हणून शहरात काम भागतं. पण इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरलात की मुंबईची स्टेशनं हवेत यायला लागतात आणि नाशकात मोकळी असलेली जागा तिकडे भरलेली निघू शकते. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या जागी उलटा अनुभव येतो: बाहेरच्या स्टेशनच्या लहरी डोंगराच्या कातळात अडकतात, आपलं स्टेशन मात्र गाडीतच असल्याने आणखी स्वच्छ वाजतं.

पेनड्राइव्हला हा त्रास जवळजवळ नाही, कारण तिथून डेकमध्ये जातात ते आकडे. ०.३ व्होल्टच्या नाजूक सिग्नलात भेसळ होण्याचा प्रश्नच येत नाही. गाण्याचे व्होल्ट डेकच्या आत बनतात. डेक वाचत नसेल तर पेनड्राइव्ह एफएटी ३२ (FAT32) या प्रकारात फॉरमॅट करून बघा, जुने डेक बहुधा तेवढंच ओळखतात. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत आकडेच पाठवतं. फसगत होते ती ऑक्समध्ये लावायच्या ब्लूटूथच्या गोळीत, म्हणजे छोट्या रिसीव्हरात. फोन मोकळा झाला, पण त्या गोळीला वीज लायटर सॉकेटातून आणि पिन ऑक्समध्ये! म्हणजे फोनच्या जागी ती आली, वर्तुळ तसंच राहिलं.

आवाजाची वाटणी कशी ठेवावी यालाही कारण आहे. केबलमध्ये शिरणारी भेसळ ठरलेली असते, तेव्हा फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि डेकचा कमी. फोन हळू आणि डेक जोरात ठेवला की भेसळही तितकीच मोठी होते.

एवढ्यावरही शीळ राहिली तर डेक बाहेर काढायला लावा. नवीन बसवलेल्या डेकच्या मागे काळी तार असते, ती अर्थ. ती बहुतेक वेळा डॅशबोर्डमागच्या एखाद्या स्क्रूखाली दाबलेली असते आणि त्या स्क्रूखाली रंग किंवा गंज असतो. द्राक्षं-कांदा वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये तर असतोच. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, तारेचं टोक त्यावर घट्ट आवळा आणि मगच बॅटरी जोडा.