टोळ, नाकतोडा आणि टिड्डी : ओळखीच्या खुणांची पार्श्वभूमी

मे 2020 मध्ये राजस्थानातून नीमचमार्गे टोळधाड माळव्यात उतरली, तेव्हा इंदूरकर मराठी माणसांचा शब्दांचा घोळ पुन्हा वर आला. हिंदी वर्तमानपत्रांत 'टिड्डी दल', घरात 'टोळ'. आणि रुईवर बसणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडाही त्याच नावाखाली गेला. तो वेगळ्याच कुळातला. टिड्डा म्हणजे नर आणि टिड्डी म्हणजे मादी, असेही काहीजण धरून चालतात. नर-मादी ओळखायची ती शेपटाकडून: मादीला जमीन उकरायच्या आखूड, टणक पाकळ्या असतात, नराचे टोक वर वळलेले असते.

खरा गुंता मात्र शास्त्रज्ञांनीच केलेला होता. 1758 मध्ये एका स्थलांतरी टोळाला नाव मिळाले, 1767 मध्ये त्याच्यासारख्याच दुसऱ्याला वेगळे. एकाच्या मानेवरची ढाल खोगिरासारखी खोलगट, दुसऱ्याची कण्यासारखी उंचावलेली. रंग निराळे, वागणेही निराळे. दीडशे वर्षे त्या दोन जाती मानल्या गेल्या. 1921 मध्ये एका रशियन कीटकशास्त्रज्ञाने मांडले, की जात एकच, फक्त एकट्याने वाढलेल्याची आणि गर्दीत वाढलेल्याची रूपे वेगळी. माझ्या मते या विषयातला याहून मोठा निर्णय नाही. ज्या खुणांवर जाती पाडल्या होत्या, त्या खुणा गर्दीने घडवलेल्या निघाल्या! पुढे पंखाची लांबी मागच्या मांडीच्या लांबीशी ताडून ही रूपे मोजली जाऊ लागली. वाळवंटी टोळात, म्हणजे 2020 मध्ये आलेल्या टोळाच्या जातीत, गर्दीतल्यांचे पंख मांडीच्या मानाने लांब भरतात.

मग रंगापेक्षा अवयवांना महत्त्व आले. पुढच्या पायांमध्ये, घशाशी, वाळवंटी टोळाला एक खुंटी असते. त्या स्थलांतरी टोळाला ती नसते. मुंबई टोळालाही खुंटी असते, पण त्याच्या डोक्यापासून मिटलेल्या पंखांपर्यंत पाठीवरून एक फिका पट्टा जातो, वाळवंटी टोळाला तो नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आणि मध्य भारतात हाच मुंबई टोळ त्रासदायक ठरला होता. भाताच्या नाकतोड्यांसारख्या जवळच्या जाती वेगळ्या करायला नराच्या शेपटाची अंगे, गरज पडली तर जननेंद्रियेही भिंगाखाली पाहावी लागतात.

2020 मध्ये मोबाइलवर फिरलेले बरेच फोटो वरून काढलेले होते. त्यांत पाठीचा पट्टा दिसतो, घशाची खुंटी दिसत नाही. किडा उलटा धरून पोटाकडून एक आणि बाजूने एक, असे दोन फोटो तरी लागतात.