सुतळी बॉम्ब आणि मोरीतली ठमी

सहा दिवाळ्या ठमीने आरामात काढल्या. ठमी आमची गावठी कुत्री, मातकट रंगाची, एका कानाचं टोक कायम मुडपलेलं. खाली लवंगीची माळ तडतडायची आणि ही सोफ्याखाली पाय ताणून घोरत असायची. सातव्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे, आम्ही उटणं कालवत असताना चौकात सुतळी बॉम्ब फुटला आणि ठमी थेट मोरीत. बादलीमागे, भिंतीला अंग चिकटवून, जीभ बाहेर, शेपूट पोटाखाली, अंगाला कापरं. घरात पाहुणे, अभ्यंगस्नानाची घाई आणि मोरी अडलेली. 'लाडावून ठेवलंय, दुसरं काय,' असा आत्याचा निकाल आला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. सहा वर्षं काही नाही आणि आताच काय झालं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

'कुत्र्याला माणसाच्या चौपट ऐकू येतं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते फारसं खरं नाही. ढोलासारखे खालच्या पट्टीतले आवाज त्याला साधारण आपल्याइतकेच ऐकू येतात. खरा फरक वरच्या पट्टीत आहे. आपले कान सेकंदाला २० हजार कंपनांपाशी थकतात, कुत्र्याचे सुमारे ४५ हजारांपर्यंत जातात, आणि त्या वरच्या भागातले आपल्याला जेमतेम ऐकू येणारे आवाजही त्याला स्वच्छ कळतात. फटाक्याच्या स्फोटात एकच सूर नसतो. खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या एका क्षणात आदळतात. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमांनुसार फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाजाची मर्यादा १२५ डेसिबल आहे. डेसिबलची मोजणी फसवी असते: दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. साधं बोलणं ६० च्या आसपास धरलं, तर नियमात बसणारा फटाकासुद्धा त्याच्या तीस लाखपटीहून अधिक ऊर्जेचा. (रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय. नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजता ते कुणाच्या लक्षात असतं, हे तुम्हीच सांगा.)

पण नुसत्या मोठेपणाने भीती बसत नाही. कुकरची शिट्टी काही कमी कर्कश नसते, तिच्याकडे ठमी ढुंकून पाहत नाही. शिट्टीआधी फुसफुस होते, ती एकाच जागेवरून येते, आणि तिच्यानंतर कधी वाईट काही घडलेलं नाही. बॉम्बचं सगळंच उलट. कधी, कुठून, किती वेळा, काहीच कळत नाही. अशा वेळी मेंदूच्या आत बदामासारखा दिसणारा एक भाग असतो, अमिग्डाला नावाचा, तो विचाराला सवड न देता धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रेनॅलिन सुटतं, काळीज धडधडतं, स्नायू आवळतात, पचन थांबतं. मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि फटाका विझला तरी शरीर बराच वेळ खाली उतरत नाही. त्या अवस्थेत दुसरा बॉम्ब आला की तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून 'चार दिवसांत सवय होईल' हा हिशेब चुकतो. कित्येक कुत्र्यांना सवय होण्याऐवजी धास्तीच वाढत जाते.

आता आत्याच्या 'लाडावून ठेवलंय'कडे येऊ. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला बक्षीस मिळतं आणि ती वाढते, असा समज अनेक कुत्रेवाल्यांमध्येही घट्ट आहे. पण बसणं, हात देणं, भुंकणं या कृती आहेत. त्यांना बक्षीस दिलं तर त्या वाढतात. भीती ही कृती नव्हे, भावना आहे. वीज कडाडल्यावर आईला बिलगलेलं पोर आईने थोपटलं म्हणून जास्त घाबरत नाही. कुत्रा जवळ आला तर घ्यावं, मोरीत बसला तर तिथे एक जुनं गोधडं टाकावं आणि दार उघडं ठेवावं. ओढून बाहेर काढणं मात्र वाईट. लपण्याची जागा गेली की दातांशिवाय त्याच्याकडे उरतं काय? रागावण्याचंही तसंच. बॉम्बनंतर ओरडा हेही मग त्याच्या डोक्यात जोडीने बसतं.

भावना बदलण्याची वाट जुनी आहे. पाव्हलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना शाळेपासून माहीत असतो: खाणं येणार असल्याची खूण मिळाली की लाळ. तीच गोष्ट भीतीवर उलटी लावून १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला बरं केलं. मूल आवडीचं खात असताना ससा दुरून दाखवायचा, हळूहळू जवळ आणायचा. कुत्र्यांना हेच चालतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी २०२० मध्ये हजाराहून अधिक कुत्रेमालकांची उत्तरं तपासली, तेव्हा फटाक्यानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देणं हा सर्वांत उपयोगी ठरलेल्या उपायांपैकी एक निघाला. सुमारे ७० टक्के मालकांनी गुण आल्याचं सांगितलं.

यात एक खाच आहे आणि मी नेमका तिथेच चुकलो. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून खाली मुलं वात लावताना दिसली की आधीच ठमीला पनीर द्यायचो. तीन दिवसांत पनीर पाहूनच ती मोरीकडे पळायला लागली. पनीर म्हणजे आता धडाका होणार, एवढंच मी तिला शिकवलं होतं. शिवाय खाऊ साध्या वेळी कधीच मिळत नाही असा हवा. रोजची पोळी नको. आणि तोंडापाशी पनीर धरूनही कुत्रा बघत नसेल, तर तो भीतीच्या पार पलीकडे गेलाय. पचन बंद पडलेलं असतं, तिथे शिकवणी चालत नाही. खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू करा, गोंगाट कमी असलेल्या खोलीत न्या.

खरी तयारी आधी करायची. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन साधारण दीड महिना मिळतो. मोबाइलवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतकं हळू लावायचं की कुत्र्याचा फक्त कान हलला पाहिजे, मग पनीर. काही दिवसांनी आवाज एक घर वर. जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं सुरू झालं की आपण घाई केली. फारच घाबरणाऱ्यांसाठी आज चिंता कमी करणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच द्यायची आणि सणाआधी एकदा देऊन बघायची. जुनी नुसती गुंगीची औषधं मागू नका. त्यांनी अंग सुस्त पडतं, भीती तशीच राहते, फक्त पळता येत नाही.

आणि तो न पडलेला प्रश्न: सहा वर्षं काही नाही, मग आताच काय झालं? लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, 'सोफ्यावर चढते का हल्ली?' चढत नव्हती. जड झालीय, असं आम्ही समजत होतो. त्यांनी मागचा पाय धरून हळूच मागे ताणला, तशी ठमीने मान वळवून त्यांच्या मनगटाला नाक टेकवलं. चावली नाही, फक्त टेकवलं. एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा झिजलेला निघाला.

इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातले संशोधक आणि त्यांचे ब्राझीलमधले सहकारी यांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यातल्या दहांना हाडं-स्नायूंचं दुखणं होतं, दहांना नव्हतं. दुखणं असलेल्या गटात भीती सरासरी चारएक वर्षं उशिरा सुरू झाली होती. कारण सोपं असावं. धडाका झाला की अंग आखडतं. आखडलं की दुखरा सांधा कळवळतो. मेंदू धडाका आणि कळ यांची गाठ मारतो, आणि पुढे तो चौक, तो जिना, ती वेळसुद्धा नकोशी होते. अभ्यास लहान आहे, पण प्रौढ वयात अचानक आवाजाला बिचकू लागलेला कुत्रा दिसला की त्याचे सांधे तपासायला सांगावेत एवढा तो पुरेसा आहे. मात्र आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

ठमीला कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक सुरू झालं, दोन किलो वजन उतरवलं, सोफ्यापाशी फळीचा उतार केला. गणपतीनंतर रेकॉर्डिंगही लावलं, या वेळी क्रम सांभाळून. वसुबारसेच्या संध्याकाळी पहिला बॉम्ब फुटला. ठमी ताडकन उठली, मोरीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि वळून माझ्या हाताकडे पाहू लागली. पनीर अजून फ्रिजमध्येच होतं.