जुन्या ब्राउझरसाठी नवा एक्स्पोर्ट

समजा, लातूरच्या आडत बाजारातला सोयाबीनचा भाव दाखवणारं वेबपान कॉलेजच्या पोरांनी बनवलं. मोबाइलवर ते झकास चालतं. औशाच्या एखाद्या शाळेत, विंडोज 7 च्या संगणकावर इंटरनेट एक्सप्लोरर 11 मध्ये उघडलं, तर मात्र कोरंच.

हा ब्राउझर 2013 चा. वेबपानं ज्या भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात इम्पोर्ट-एक्स्पोर्ट, म्हणजे एका फाइलने काही बाहेर द्यायचं आणि दुसरीने ते मागून घ्यायचं ही सोय, आली जून 2015 मध्ये. अशी फाइल मॉड्यूल म्हणून जोडली, तर हा ब्राउझर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. साधी फाइल म्हणून जोडली, तर व्याकरण तपासतानाच एक्स्पोर्टपाशी अडतो आणि पहिली ओळसुद्धा चालवत नाही.

मग बेबलसारखा कंपायलर, म्हणजे नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, लागतो. तो बहुधा नवी रचना कॉमनजेएस या 2009 पासूनच्या पद्धतीत उतरवतो: बाहेर द्यायचं ते 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या ऑब्जेक्टवर (नावानिशी गोष्टी ठेवायच्या डब्यावर) ठेवायचं, दुसऱ्या फाइलने 'रिक्वायर' करून ते मागायचं. ब्राउझरला रिक्वायरही कळत नाही. म्हणून वेबपॅकसारखा बंडलर सगळ्या फाइल एकत्र बांधून देतो.

हे काम शब्दाला शब्द बदलून भागत नाही, आणि मला यातली खरी कारागिरी इथेच दिसते. भावाच्या फाइलने 4,500 हा आकडा एक्स्पोर्ट केला आणि पुढच्या सौद्यात तो 4,600 झाला, तर इम्पोर्ट करणाऱ्या फाइलला 4,600 च दिसला पाहिजे. प्रमाणक तसंच सांगतं: इम्पोर्ट म्हणजे किमतीची नक्कल नव्हे, मूळ चलाशी (व्हेरिएबलशी) जिवंत जोडणी. म्हणून कंपायलर दोन्हीकडे हात घालतो. देणाऱ्या फाइलमध्ये भाव बदलणारी प्रत्येक ओळ शोधून तिथेच एक्स्पोर्ट्सवरचा आकडाही बदलतो. घेणाऱ्या फाइलमध्ये 'भाव' जिथे जिथे येतो, तिथे तो त्या ऑब्जेक्टवरून दर वेळी नव्याने वाचायला लावतो.

'डिफॉल्ट' एक्स्पोर्टचा, म्हणजे फाइल जी मुख्य गोष्ट बाहेर देते तिचा, गुंता वेगळा. जुन्या पद्धतीत अख्खं ऑब्जेक्टच काय ते मिळतं, नव्यात डिफॉल्ट हे त्यातलं एक नाव. समोरची फाइल कोणत्या प्रकारची, हे ओळखता यावं म्हणून कंपायलर रूपांतरित फाइलवर 'ईएसमॉड्यूल' अशी खूण ठेवतो. (इंटरनेट एक्सप्लोरर 8 साठी तर 'डिफॉल्ट' हे नाव चौकटी कंसात, अवतरणात लिहावं लागतं, तिथे तो भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला शब्द आहे.)

रूपांतरित फाइल बहुतेकदा मूळ फाइलपेक्षा जड होते. खेड्यात रेंज कमी असताना तो भार सगळ्यांवर कशाला? एकाच पानात दोन्ही फाइल जोडता येतात, मूळ फाइल मॉड्यूल म्हणून आणि रूपांतरित फाइलवर 'नोमॉड्यूल' लिहून. नवा ब्राउझर रूपांतरित फाइल वगळतो, जुना तेवढीच चालवतो.