'रॉजर' म्हणण्याआधी: हॅम रेडिओचा परवाना कसा काढायचा

बंदोबस्तावरच्या पोलिसाचा वॉकीटॉकी खरखरतो, तो मान कलती करून दोन शब्द बोलतो आणि विषय मिटतो. निरोप पोचला, हे पलीकडे कळलेलं असतं. पोलिसांच्या लहरींवर आपल्याला बोलता येत नाही, येऊही नये. पण दुतर्फा रेडिओवर रीतसर बोलायची हौस असेल तर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ केंद्राचा, परवाना सामान्य माणसालाही मिळतो.

अट साधी आहे. भारताचे नागरिक असा आणि वयाची 12 वर्षं पूर्ण झालेली असोत. पदवी लागत नाही. 1978 च्या नियमांनुसार, पुढच्या दुरुस्त्या धरून, दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी परीक्षा. जनरलला त्याशिवाय मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचा संकेत, घेता आणि पाठवता यावा लागतो. माझं मत विचाराल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्या. मोर्सच्या धास्तीने वर्षानुवर्षं अर्जच न करणारे पुष्कळ भेटतात.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात: एक विजेचा आणि रेडिओच्या तंत्राचा, दुसरा नियमांचा. पहिल्या भागाचा लोक घोकून अभ्यास करतात आणि दुसऱ्यात अडखळतात, कारण तिथे बोलण्याची शिस्त विचारतात.

'रॉजर' घ्या. त्याचा अर्थ 'हो' असा नाही. 'तुमचा निरोप पूर्ण ऐकू आला', एवढाच. सांगितलेलं करणार असाल तर 'विल्को'. मोर्समध्ये 'मिळालं' कळवायला आर हे अक्षर पाठवत आणि प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरवणाऱ्या जुन्या उच्चारसूचीत आरला रॉजर म्हणत. आज त्याच अक्षराला रोमिओ म्हणतात, पण पोचपावतीचा रॉजर टिकला.

अमेरिकी पोलिसांची पोचपावती निराळी: '10-4', म्हणजे 'टेन-फोर'. ही आकड्यांची पद्धत इलिनॉय राज्याच्या पोलिसांत संपर्क व्यवस्था पाहणारे चार्ल्स हॉपर यांनी 1937 मध्ये बसवायला घेतली. आकड्याआधी 'टेन' का? तेव्हाच्या संचांना बटण दाबल्यावर पूर्ण जोर धरायला क्षणभर लागे आणि पहिला उच्चार गिळला जाई. मग गिळला गेला तर 'टेन' जावा, कामाचा आकडा शाबूत राहावा. पुढे गावोगावच्या खात्यांनी आकड्यांना आपापले अर्थ दिले. मोठ्या आपत्तीत अनेक खाती एकत्र आली की घोळ होई, म्हणून 2006 पासून तिथल्या केंद्र सरकारने अशा कामासाठी साध्या भाषेचा आग्रह धरला.

हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, तर गुप्त संकेत वापरायलाच मनाई आहे. क्यू-संकेत, म्हणजे क्यूने सुरू होणारे तीन अक्षरांचे संकेत, चालतात, कारण त्यांचे अर्थ जगजाहीर आहेत. पोचपावतीचा संकेत क्यूएसएल. प्रश्नार्थक उच्चारला तर 'पोच देता का?', साधा उच्चारला तर 'पोच देतो'. हे परीक्षेत येतंच.

अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर भरायचा. फोटो, सही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट स्कॅन करून ठेवा. आधारवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. परीक्षेची फी 100 रुपये. मुंबई आणि नागपूर ही जवळची केंद्रं.

पास झाल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र, परवाना नव्हे! त्यासाठी वेगळा अर्ज: 20 वर्षांसाठी 1000 रुपये, आजीवनसाठी 2000. पैसे भरण्याआधी पोर्टलवरचे ताजे दर बघून घ्या. परवान्यासोबत कॉलसाइन, म्हणजे हवेतली तुमची ओळख, येतं. जनरलचं व्हीयू2 ने, रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू3 ने सुरू होतं.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त हँडसेट परवान्याआधी घेऊ नका. त्यातले बरेच पोलिसांच्या पट्ट्यातही बोलू शकतात आणि विनापरवाना वापर हा गुन्हा आहे. ट्रेकमध्ये आपापसात बोलण्यापुरतं हवं असेल तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच परवान्याविना चालतात. त्यासाठी परीक्षेची यातायात कशाला?

आणि कॉलसाइन हाती आल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा क्षणभर थांबून मग बोला. आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटर केंद्रावर पहिला उच्चार आजही गिळला जातो.