मेरिलिन मन्रोने ‘प्लेबॉय’साठी फोटो काढून घेतलेच नव्हते

‘प्लेबॉय मासिकाच्या पहिल्या अंकासाठी मेरिलिन मन्रोने नग्न फोटो दिले’ हे वाक्य वर्षानुवर्षं बिनदिक्कत फिरतंय. अंक डिसेंबर १९५३चा. फोटो मे १९४९चे!

युद्धकाळात कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यात काम करणारी नॉर्मा जीन (मेरिलिनचं मूळ नाव) एका लष्करी छायाचित्रकाराच्या नजरेत भरली आणि मॉडेल झाली. मासिकांची मुखपृष्ठं मिळाली, मग सिनेमाचा करार, पण तो टिकला नाही. १९४९मध्ये हाती काम नव्हतं, पैशांची चणचण होती. तेव्हा तिने टॉम केली या छायाचित्रकारासाठी लाल मखमलीवर फोटो काढून घेतले. मानधन ५० डॉलर. कागदावर सही केली ती ‘मोना मन्रो’ अशी.

केलीने ते कॅलेंडर कंपनीला विकले. १९५२मध्ये ही गोष्ट फुटली तेव्हा ती नावारूपाला येत होती. स्टुडिओची गाळण उडाली, पण तिने सरळ कबूल केलं की पैशांची गरज होती. लोकांना ते पटलं.

‘प्लेबॉय’चा संस्थापक ह्यू हेफनरने शिकागोच्या त्या कॅलेंडर कंपनीकडून ५०० डॉलरला छपाईचे हक्क घेतले. तिला विचारायची कायद्याने गरजच नव्हती. मुखपृष्ठावरचा हात उंचावलेला फोटोही १९५२च्या मिस अमेरिका मिरवणुकीतला, म्हणजे आयता. ५० सेंटचा तो अंक ५० हजारांहून जास्त खपला. तिला त्यातून छदामही मिळाला नाही. एवढं असून ‘हेफनरने मेरिलिनला घडवलं’ म्हणणारे भेटतातच. अंक आला त्या वर्षी तिचे ‘नायगारा’ आणि ‘जंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स’ आधीच थिएटरांत लागून गेले होते.